पडीत मोडू की नको? कळमेश्वरकडच्या एका वावरातल्या कार्बनचा हिशेब

काकांनी टेबलावर दोन कागद ठेवले आणि खुर्चीत न बसताच विचारलं, "एकाच वावराचे दोन नंबर कसे काय जी?"

पहिला कागद जमीन आरोग्य पत्रिकेचा होता. त्यात सेंद्रिय कर्ब, म्हणजे सेंद्रिय कार्बन, 'कमी' या रकान्यात. दुसरा कागद एका कार्बन क्रेडिटवाल्या, म्हणजे मातीत कार्बन वाढवल्याबद्दल पैसे देऊ म्हणणाऱ्या, मंडळींनी दिलेला, त्यात कार्बनचा आकडा पहिल्याच्या दुपटीहून जास्त. मुलगा मागे उभा होता. बुटीबोरीला नोकरी, शेतीत अर्धा जीव. त्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होत्या: दोन एकराची पडीत जमीन मोडून तिथे संत्रा लावायचा, आणि सगळं वावर क्रेडिटच्या योजनेत द्यायचं. काकांना दोन्हींबद्दल शंका होती, पण कारण सांगता येत नव्हतं. "हे पोट्टं आयकते का? तुमी कागद पाहून सांगा. पडीत मोडू की नको मोडू, तेवढंच सांगा."

मी नागपुरात मातीच्या प्रयोगशाळेत काम करतो. असे प्रश्न आमच्याकडे आठवड्याला येतात आणि बहुतेक वेळा आम्ही कागदाकडे बघूनच उत्तर देतो. या वेळी वावरात गेलो, म्हणून हे प्रकरण लिहिण्यासारखं झालं. कुटुंबाच्या सांगण्यावरून नाव, गाव आणि प्रत्येक तुकड्याचे नेमके आकडे इथे देत नाही. क्रम देतो, कारणं देतो. हिशेबात येतात ते आकडे सर्वांना लागू पडणारे आहेत.

वावर

काटोल रोडने शहराबाहेर पडलं की आपण दख्खनच्या काळ्या दगडावर असतो. नागपूर शहर बसलंय ते दोन भूगर्भांच्या सीमेवर. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची. तिच्या पूर्वेला कामठीकडे गेलं की वाळूचा खडक आणि कोळसा, आणखी पुढे जुना ग्रॅनाइटसारखा दगड, त्यावर धानाच्या बांध्या. पश्चिमेला कळमेश्वर, काटोल, नरखेड हा सगळा कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याचा पट्टा. इथली माती बेसॉल्ट झिजून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते आणि मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पाडते.

काकांची जमीन साधारण अकरा एकर. वरच्या बाजूला मोरंड, म्हणजे मध्यम माती, खाली मुरूम. मधे पाच-सहा एकर काळी, त्यात कापूस आणि तूर. तीन एकर संत्रा, वीस वर्षांचा. आणि नाल्याकडे उतरत गेलेली दोन एकर पडीत. त्यात मारवेल आणि कुसळीचं गवत, अधूनमधून बोर, पळस, दोन बाभळी. काकांच्या वडिलांपासून त्या तुकड्यात नांगर गेलेला नाही. चार गाई आणि एक बैलजोडी तिथे चरते. मधून जाणाऱ्या जुन्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तीन कडुनिंब.

एकाच घरच्या मालकीत चार प्रकारचा वापर, एकाच पावसात, एकमेकांना लागून. जमिनीच्या वापराने मातीतला कार्बन कसा बदलतो हे बघायला अशी जागा मुद्दाम शोधूनही मिळत नाही.

दोन कागदांचं कोडं

आधी ते सोडवलं, कारण ते सोपं होतं.

आपल्या काळ्या मातीत दोन जातींचा कार्बन असतो. एक सेंद्रिय: मुळं, पाला, शेण, मेलेले जीवाणू यांच्यातून आलेला. दुसरा चुनखडीतला. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात १२ टक्के कार्बनच असतो. म्हणजे मातीत ५ टक्के चुनखडी असेल, तर नुसत्या चुनखडीमुळे ०.६ टक्के कार्बन 'सापडतो', आणि नागपूरच्या पश्चिमेला चुनखडी असणं यात नवल काहीच नाही.

पत्रिकेसाठी जी पद्धत वापरतात ती वॉकली आणि ब्लॅक यांची, १९३४ सालची. पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाने सेंद्रिय कार्बन जाळायचा आणि किती डायक्रोमेट खर्ची पडलं ते टायट्रेशनने काढायचं. चुनखडीचा कार्बन आधीच पुरता जळलेला असतो, त्यामुळे तो यात मोजला जात नाही. दुसरा कागद भट्टीच्या यंत्रावरचा होता. ते यंत्र मातीला तापवून निघेल तेवढा सगळा कार्बन डायऑक्साइड मोजतं, आधी आम्ल टाकून चुनखडी काढली नाही तर तिच्यातलासुद्धा. यंत्र अचूक होतं. फक्त कागदावर 'एकूण कार्बन' असं लिहिलं होतं आणि योजनेचा माणूस सांगताना 'एकूण' हा शब्द गिळत होता.

काकांना हे समजावण्यासाठी काही सांगावं लागलं नाही. पडितातलं एक ढेकूळ घेतलं, त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले. सोडा फेसाळतो तसं ढेकूळ फसफसलं. काका म्हणाले, "हे तं चुन्याचं हाय." झालं.

पण दोन कागदांत आणखीही एक फरक होता आणि तो मला आधी लक्षात आला नव्हता. जमीन आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली देशभर सुरू झाली तेव्हा नमुने जाळ्या आखून घ्यायचे ठरले: ओलिताखालच्या भागात अडीच हेक्टरला एक, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. काकांची सगळी जमीन साडेचार हेक्टरही नाही. म्हणजे पत्रिकेतला आकडा त्यांच्या धुऱ्याआड शेजारच्या सोयाबीनचाही असू शकतो. खताची ढोबळ शिफारस करायला तो पुरतो. पडीत आणि कापूस यांची तुलना त्यावर करता येत नाही.

चुनखडीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. क्रेडिटवाले म्हणतील, सेंद्रिय असो की चुन्याचा, कार्बन जमिनीत आहे ना? प्रश्न रास्त वाटतो. पण कोरड्या हवामानात मातीच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून चुनखडी बनते तेव्हा बायकार्बोनेटमधला अर्धा कार्बन खड्यात जातो आणि अर्धा कार्बन डायऑक्साइड होऊन परत हवेत. शिवाय कॅल्शियम असं खड्यात अडकत गेलं की चिकणमातीवर सोडियमचा वाटा वाढतो, माती पाणी मुरवत नाही. अमरावती रोडवरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतल्या संशोधकांनी, विशेषतः डी. के. पाल आणि तपस भट्टाचार्य यांनी, हे अनेक वर्षं मांडलं आहे: कोरड्या पट्ट्यातल्या काळ्या मातीत नव्याने बनणारी चुनखडी ही माती बिघडत असल्याची खूण आहे. तिला ठेव म्हणून दाखवणं म्हणजे मूतखड्याला दागिना म्हणण्यासारखं.

खड्डे

आम्ही नोव्हेंबरात नमुने घेतले, वाफसा असताना, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडी नाही तेव्हा. मे महिन्यात काळ्या मातीचा नमुना घेऊ नये असं माझं मत आहे. भेगांमधून वरची माती, काडीकचरा, गाईचं शेण थेट दोन-तीन फूट खाली पडलेलं असतं. पाऊस आला की भेग मिटते आणि ते आत राहतं. ही माती स्वतःलाच हळूहळू उलथत असते. खड्ड्याच्या भिंतीवर साबण फिरवल्यासारखे गुळगुळीत तिरपे पृष्ठभाग दिसतात, ते त्या घसाघशीचे. त्यामुळेच तिच्यात कार्बन खोलवर बऱ्यापैकी सारखा पसरलेला सापडतो. जंगलातल्या तांबड्या मातीसारखा वरच्या वितीत गोळा झालेला नसतो.

पहिली अडचण ध्यानात आली ती पडितात. मुलगा म्हणाला, "सर, पडिताची माती चांगलीच असणार, कोणी हात लावला नाही ना." असं धरून चालणं हीच अशा तुलनेतली सर्वांत मोठी चूक. आजोबांनी तो तुकडा पडीत का ठेवला? नाल्याकडे पाणी तुंबतं म्हणून. म्हणजे तिथे कार्बन जास्त निघाला तर तो न नांगरल्यामुळे की पाणी साचून कुजणं मंदावल्यामुळे, हे कसं सांगणार? माणूस जमिनीचा वापर चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही. म्हणून नाल्याकडचा अर्धा भाग आम्ही तुलनेतून काढून टाकला. कपाशीला लागून असलेल्या वरच्या भागात दोन्हीकडे बोटांनी पोत पाहिला, नंतर प्रयोगशाळेत चिकणमातीचं प्रमाण काढलं. दोन्ही बाजूंची माती एकच होती, मधे फक्त धुरा. तिथलेच नमुने धरले.

दुसरी अडचण घनतेची. गाईंच्या खुरांनी पडीत दाबलेलं असतं, कपाशीचं वावर वखराने भुसभुशीत. दोन्हीकडे तीस सेंटिमीटर खोदलं तर पडितातून जास्त वजनाची माती येते, आणि माती जास्त म्हणून कार्बनही जास्त दिसतो. त्यासाठी लोखंडी नळी ठोकून घनता काढावी लागते आणि सारख्या खोलीऐवजी सारख्या वजनाच्या मातीची तुलना करावी लागते. बहुतेक अहवाल इथे घाई करतात.

संत्र्यात तिसरा घोळ. झाडाभोवतीच्या आळ्यात घेतलेला नमुना आणि दोन ओळींच्या मधला नमुना ही जणू दोन वेगळी शेतं. तिथे दोन्ही वेगळे घेतले आणि किती जमीन आळ्याखाली आहे, किती मधे, त्या प्रमाणात जोडले.

क्रम

धुऱ्यावर कडुनिंबाखाली सर्वांत जास्त. मग पडीत. मग संत्रा. शेवटी कापूस-तूर. याच क्रमाची अपेक्षा होती, त्यात मला फारसं काही वाटलं नाही. कारणं बघताना मात्र दोन ठिकाणी थबकलो.

कपाशीचं आधी. फेब्रुवारीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटली जाते. काही चुलीला, बाकी धुऱ्यावर ढीग करून पेटवतात. बोंडअळीच्या भीतीने तर हल्ली जास्तच, आणि ती भीती खोटी नाही. मग ट्रॅक्टरची नांगरट, वखराच्या पाळ्या, जूनमध्ये लावण, पुढे चार-पाच डवरण्या. पीक सहा-आठ महिने उभं असतं आणि पाला पुष्कळ गाळतं, तरी जाड लाकडी भाग जवळपास सगळा शेताबाहेर जातो. फेब्रुवारी ते जून जमीन उघडी. नागपूरचा मे ४५-४६ अंशांचा. लोकांना वाटतं उन्हाने कार्बन जळतो. तसं नाही, कोरड्या मातीत जीवाणू जवळपास झोपलेले असतात, ऊन कितीही असो. खरी लूट मृगाच्या पहिल्या सरीला होते. महिनोन्‌महिने कोरडी राहिलेली माती अचानक भिजली की जीवाणू भुकेलेले उठतात आणि काही दिवस कार्बन डायऑक्साइडचा लोंढा सुटतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करताना १९५०च्या दशकात हे दाखवलं आणि तेव्हापासून या उसळीला त्यांचंच नाव आहे. नांगराने फोडलेल्या ढेकळांत, जिथे आतवर लपलेला कार्बन उघडा पडलाय, तिथे ही उसळी मोठी. पहिल्या पावसाच्या वासावर आपण एवढं लिहितो, त्याच तासांत वावर काय गमावतं ते कोणी लिहीत नाही.

पडितात यातलं काही घडत नाही. गवताची मुळं बारीक, दाट, बारमाही, आणि दरवर्षी त्यातली बरीच मरून जागच्या जागी राहतात. मुळांतून आलेला कार्बन वरून टाकलेल्या पाल्यापेक्षा जास्त टिकतो, कारण तो चिकणमातीच्या कणांच्या अगदी अंगाशी जन्मतो आणि तिथेच चिकटतो. आपल्या मातीत ही चिकणमाती भरपूर. म्हणून उष्ण कटिबंधातली माती कार्बन धरून ठेवत नाही हे सरसकट विधान मला पटत नाही. वरच्या एक मीटरमधल्या मातीत जगभर जो साधारण दीड हजार अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, त्याचा जवळपास तिसरा हिस्सा उष्ण कटिबंधात आहे.

आता पहिलं थबकणं. संत्र्याच्या दोन ओळींमधली माती कपाशीइतकीच गरीब निघाली. मुलाला वाटत होतं की झाडं म्हणजे जंगल, जंगल म्हणजे कार्बन. पण बागेत वर्षाला पाच-सहा वेळा कल्टिव्हेटर फिरतो, तणाचं पान दिसू द्यायचं नाही ही आपल्याकडची शान, आणि अंबिया बहाराची फुलं यावीत म्हणून पाणी तोडून ताण देताना तर बाग नागडी हवी. ओळींमधली जमीन मुळांसाठी झाडाची आणि मशागतीसाठी कपाशीची. संत्र्याचा जो काही वरचढ कार्बन होता तो जवळजवळ सगळा आळ्यात.

आणि आळ्यात तो आला कुठून? इथे दुसरं थबकणं. मी काकांना विचारलं, शेणखत कुठलं टाकता. ते माझ्याकडे बघत राहिले. "घरचंच. चार गाई हायेत ना."

गाई कुठे चरतात? पडितात.

म्हणजे पडितातलं गवत गाईच्या पोटातून उकिरड्यावर आणि उकिरड्यावरून संत्र्याच्या आळ्यात जात होतं. बागेत दिसलेली वाढ ही हवेतून नव्याने खेचलेली नव्हती. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली होती. तुकडे वेगवेगळे मोजले की बाग कमावती दिसते आणि पडीत निकामी. पडीत मोडलं असतं तर गाई विकाव्या लागल्या असत्या, गाई गेल्या की खत गेलं, खत गेलं की तीन-चार वर्षांत जुन्या बागेच्या आळ्यांची गत ओळींमधल्या जागेसारखी. मुलाच्या वहीत नव्या बागेचा खर्च होता, रोपांचा, ठिबकचा. हा खर्च नव्हता.

थेंबाचा हिशेब

क्रेडिटच्या योजनेचं काय, हे मुलाला बुरेटसमोर, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळीसमोर, उभं करून दाखवलं. त्याला आकडे कळतात, म्हणून तपशिलात गेलो.

एक ग्रॅम माती घ्यायची, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली. तिच्यात १० मिलिलिटर डायक्रोमेट, २० मिलिलिटर आम्ल, अर्धा तास थांबायचं. मग पाणी, फॉस्फोरिक आम्ल, निदर्शकाचे थेंब, आणि बुरेटमधून अर्ध्या नॉर्मल ताकदीचं फेरस अमोनियम सल्फेट. जांभळट निळा रंग एका थेंबाला हिरवा होतो. तिथे थांबायचं. या पद्धतीत सगळा कार्बन जळत नाही, साधारण ७७ टक्केच जळतो, म्हणून उत्तराला १.३ ने गुणतात.

गणित मांडलं. बुरेटमधला १ मिलिलिटर फरक म्हणजे सुमारे ०.२ टक्के कार्बन. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. म्हणजे एक थेंब, ०.०१ टक्का.

आता एक हेक्टर जमीन, तीस सेंटिमीटर खोल, घनता १.३ धरली तर ३,९०० टन माती होते. तिचा ०.०१ टक्का म्हणजे सुमारे ०.४ टन कार्बन. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचं तर ३.६७ ने गुणायचं: जवळपास दीड टन.

माझ्या हाताने एक थेंब जास्त पडला तर कागदावर हेक्टरी दीड टन कार्बन डायऑक्साइड इकडचा तिकडे होतो. आणि माझा हात तसा बरा आहे.

आणि चांगल्या व्यवस्थापनाने वर्षाला वाढतं किती? काळ्या मातीसाठी सर्वांत जवळचा दाखला हैदराबादजवळ पाटणचेरूचा आहे. तिथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत १९७६पासून एका पाणलोटात दोन पद्धती शेजारी शेजारी चालवल्या: एकीकडे रुंद वरंबे, खत आणि ज्वारी-तुरीसारखी आंतरपिकं, दुसरीकडे पावसाळ्यात जमीन रिकामी ठेवायची जुनी रीत. चोवीस वर्षांनी १२० सेंटिमीटर खोलीपर्यंत सुधारलेल्या बाजूला हेक्टरी ४६.८ टन कार्बन, जुन्या बाजूला ३९.५. फरक सात टनांच्या थोडा वर, चोवीस वर्षांत. म्हणजे वर्षाला हेक्टरी ०.३ टनाच्या आसपास, तोसुद्धा चार फूट खोलीत विभागलेला.

वर्षाला एक थेंबही नाही.

मुलगा बराच वेळ बुरेटकडे पाहत होता. मग म्हणाला, "सर, मग हे लोक दर वर्षी मोजून पैसे कसे देणार?" मी म्हटलं, एका नमुन्यावर कोणी देत नाही, पुष्कळ नमुने घेतात, सरासरी काढतात, बाकीचं संगणकाच्या प्रतिमानावर (मॉडेलवर) सोडतात, आणि चांगल्या योजना तेवढी अनिश्चितता वजा करतात. तुझ्या कागदावर यातलं काय लिहिलंय ते दाखव. त्याने पानं उलटली. नमुने किती, किती खोल, चुनखडी वजा केली का, पुढची मोजणी कधी, यांतलं काहीच नव्हतं. सही कुठे करायची ते मात्र तीन ठिकाणी होतं.

काकांचा आक्षेप वेगळाच होता. योजना पैसे देते ती वाढीबद्दल. पडितात कार्बन आधीपासून आहे, म्हणून त्याला शून्य. कपाशीचं वावर रिकामं झालंय, तिथे वाढायला जागा आहे, त्याला पैसे. हे ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे ज्यानं जपलं त्याले कायी नाही, अन् ज्यानं उधळलं त्याले बक्षीस?" योजनेच्या बाजूने तर्क आहे, मी तो सांगितलाही: जे तसंही राहणारच होतं त्याचे पैसे दिले तर हवेत फरक काय पडला? पण पडीत 'तसंही राहणारच' नव्हतं. मुलाने कल्टिव्हेटरवाल्याला विसार देऊन ठेवला होता.

आणि घालवणं आणि मिळवणं यांचा वेग सारखा नसतो. गुओ आणि गिफर्ड यांनी २००२ साली जगभरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा कुरण मोडून शेती केलेल्या ठिकाणी कार्बन सरासरी ५९ टक्क्यांनी घटलेला निघाला. शेतीचं परत कुरण केलं तिथे वाढ फक्त १९ टक्के. ५९ हा आकडा आपल्या काळ्या मातीला जसाच्या तसा लावू नये, एवढी चिकणमाती बराच कार्बन सोडत नाही. उष्ण कटिबंधापुरतं पाहिलं तर डॉन आणि सहकाऱ्यांच्या २०११च्या आढाव्यात मूळ जंगल तोडून पिकं घेतली तिथे घट सरासरी २५ टक्के, आणि बारमाही बागा लावल्या तिथे ३०. बागेत पिकांपेक्षा जास्त घट! काकांच्या संत्र्याच्या ओळी पाहिल्यानंतर मला ते वाचून नवल वाटलं नाही.

खड्ड्यात दिसलेली दुसरी गोष्ट

पडीत न मोडण्याचं सर्वांत व्यवहारी कारण कार्बनचं नव्हतंच. पडितातल्या खड्ड्यात दोन फुटांखाली चुनखडीचे पांढरे खडे दाट लागले. संत्र्याला असा थर सोसत नाही. मुक्त चुना जास्त असला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यात नाल्याचं तुंबलेलं पाणी. मूळकूज आणि डिंक्या या रोगांना आमंत्रणच. दुसऱ्या कागदाने ज्या चुनखडीला संपत्ती म्हणून मोजलं होतं, तिनेच नवी बाग पाच-सात वर्षांत पिवळी केली असती.

नवा संत्रा लावायचाच असेल तर वरच्या मोरंडीत, जिथे खाली मुरूम आहे आणि पाण्याचा निचरा होतो, असं ठरलं. तिथला कापूस तेवढा कमी झाला. मुलगा खूश नाही, कारण तिथे विहीर लांब पडते आणि पाइपाचा खर्च आहे. तो खर्च खरा आहे, मी नाकारला नाही.

कपाशीत दोन बदल झाले. पऱ्हाटी पेटवणं थांबलं. हंगाम संपताच ती ट्रॅक्टरच्या श्रेडरने बारीक करून शेण आणि शेणपाण्याचा थर देत खड्ड्यात कुजवतात. बोंडअळीचा आसरा जातो आणि लाकूड शेतातच राहतं. बारीक करून तशीच जमिनीत गाडायची मुलाची कल्पना होती. ती आम्ही मोडली: एवढी लाकडी, नत्राने गरीब काडी पेरणीच्या तोंडावर गाडली की जीवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात आणि कपाशी पिवळी पडते. दुसरा बदल नांगरटीचा. दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा, मधल्या वर्षी नुसता वखर. काकांना हे अवघड गेलं नाही, त्यांच्या वडिलांच्या काळी तसंच होतं.

बागेत ओळींमधलं गवत उपटण्याऐवजी कापायचं, असं सुचवलं. हे मात्र अर्धवटच झालं. पहिल्या पावसाळ्यात तीन ओळी ठेवल्या. शेजाऱ्यांनी धुऱ्यावरून "बाग सोडून देली का काका?" असं दोनदा विचारलं, आणि तिसऱ्या वेळेआधी काकांनी कल्टिव्हेटर बोलावला. एक ओळ वाचली, ती मुलाने ट्रॅक्टरसमोर उभं राहून वाचवली म्हणे. क्रेडिटच्या कागदावर सही झाली नाही. योजनेच्या माणसाला आम्ही चार प्रश्न लिहून दिले, त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

पुढचे नमुने पाच वर्षांनी, त्याच जागी, त्याच नोव्हेंबरात. त्याआधी घेण्यात अर्थ नाही. थेंबाचं गणित तेच सांगतं. जागा मोबाइलवर नोंदवल्या आहेत, पण मोबाइल चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणून प्रत्येक ठिकाणापासून मोजून धुऱ्यावर एकेक दगड रोवला आणि चुन्याने फुली मारली. पावसाने फुल्या धुऊन जातील ही मला काळजी होती. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना लावून उरलेला गेरू काकांनी त्या दगडांना फासला. आता ते रस्त्यावरूनही दिसतात, आणि येणारे-जाणारे एका दगडाला नारळ फोडून गेलेत.